मधल्या फ्रेममधला चेहरा

तोपर्यंत मी जाहिरातींतल्या चेहऱ्यांवरचे डाग पुसत असे. दात पांढरे करणं, मानेच्या वळ्या सपाट करणं, असली कामं. मग स्टुडिओत मॉर्फिंगचं, म्हणजे एका चेहऱ्याचा हळूहळू दुसरा करण्याचं, काम येऊ लागलं आणि मला ते शिकायला बसवलं. शिकवणारे आमचे सीनियर. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण चुकलं की ते ओरडत नसत, नुसतं पुन्हा करायला लावत.

"आधी वॉर्प," ते म्हणाले. "एकच फोटो. त्यावर जाळी टाकायची आणि रबरासारखा ओढायचा. मॉर्फला दोन फोटो लागतात. दोघांना एकमेकांकडे ओढायचं, आणि ओढता ओढता पहिला पुसट करत न्यायचा. डोळ्याचा कोपरा डोळ्याच्या कोपऱ्यावर बसला पाहिजे, नाहीतर मध्ये चार डोळ्यांचं भूत दिसतं."

सरावासाठी मी मावशीने दिलेले फोटो घेतले. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, शाळेत असताना एका दुपारी घरातून बाहेर पडला तो आलाच नाही. काका त्याच घोरात गेले. मावशी एकटी राहते. माझ्या नव्या कामाचं कळल्यावर ती म्हणाली होती, "दादा आता कसा दिसत असेल, ते काढता येतं का गं?" खरं म्हणजे तसं येत नाही. पण लहानपणचा दादा आणि तरुणपणचे काका जोडले, तर मधला एखादा चेहरा दाखवून तिचं मन राखता येईल, असं मला वाटलं.

दादाच्या फोटोत मागे पडदा होता, काकांच्या मागे पांढरी भिंत. मी डोळे, नाकपुड्या, ओठांचे कोपरे, कानाच्या पाळ्या जुळवल्या आणि मधल्या फ्रेम्स बनवायला रेंडर लावलं.

मधल्या फ्रेममध्ये एक पुरुष दिसला. चेहरा स्वच्छ, भूत नाही. पण नाक पुढे आलेलं आणि गाल फुगीर, कडांकडे सगळं मागे वळलेलं. जाळी बिघडली असणार. मी ती काढून नवी टाकली. पुन्हा तेच. मास्तरांनी एकेक बिंदू तपासला.

"बिंदू बरोबर आहेत," ते म्हणाले. मग स्क्रीनजवळ वाकले. "मागे जिना कुठून आला?"

पडदा आणि भिंत मिसळून राखाडी धुरकट काहीतरी यायला हवं होतं. तिथे जिन्याचा कठडा होता आणि कठड्याला टेकवलेली लाल सायकल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोलावल्यावरून मावशी स्टुडिओत आली. निळा स्वेटर, हातात पर्स. मी तिला खुर्ची दिली आणि ती फ्रेम दाखवली. ती पुढे सरकून बघू लागली.

"हा आमच्या दारातल्या, बाहेर बघायच्या भिंगातून काढलास?"

"नाही गं. का?"

"ही शेजाऱ्यांची सायकल. परवाच घेतली त्यांनी." तिने चष्मा काढून पुसला. "आणि हा काल आला होता. बेल वाजवली. अनोळखी वाटला, म्हणून मी दार नाही उघडलं."

मास्तर उठून खिडकीपाशी गेले.

"पुढचं दाखव," मावशी म्हणाली.

मी एकेक फ्रेम पुढे नेली. चेहरा काकांकडे झुकायला हवा होता. तो मोठा होत गेला. मग नुसता डोळा.

मग काळी फ्रेम.

मी उजेड वाढवला. हळूहळू मावशीचा हॉल दिसू लागला, दाराच्या आतून. आरामखुर्ची, टेबल, टेबलावर घडी घातलेला पेपर आणि त्यावर गोळ्यांची डबी.

"डबी मी आत्ता निघताना ठेवली," मावशी म्हणाली.

मास्तर परत स्क्रीनपाशी आले.

"म्हणजे आत आलाय." ती उठली, पर्स खांद्याला लावली. "जेवला नसेल."

"थांब, मी येते सोबत."

"नको. तुला बघून बुजेल तो."

ती जवळजवळ धावतच गेली. त्या वयात तिला इतक्या झपाट्याने जिना उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी फोन केला. तिने लगेच उचलला. आवाज शांत होता, थोडा लाडिक.

"मावशी, ठीक आहेस ना? कोणी आहे का घरात?"

"आहे ना. बसलाय समोर. बोलत नाही अजून. बोलेल." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "फक्त चेहरा जवळूनही तसाच दिसतो गं. भिंगातून दिसला होता तसा."

मी काही विचारणार तोच तिने फोन तोंडापासून दूर धरला.

"हळू," ती कुणाला तरी म्हणाली, "गरम आहे."