शहादेव नानांचा पहारा

या, जरा जवळ सरका. ऐकीव गोष्ट सांगत नाही. मी त्या खोलीत होतो.

आमचं गाव उमापूरच्या अलीकडं. सलग दुष्काळ. अर्धं गाव ऊसतोडीला. त्यांना सप्ताह ऐकू जावा म्हणून माझ्या पुतण्यानं, गहिनीनाथनं, दूध सोसायटीत कॉम्प्युटर लावला. देवळातला वीणा थेट फडावरच्या मोबाईलवर वाजायचा.

सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत. पुढचा पहारेकरी गळ्यात घेतो, तेव्हाच आधीचा मोकळा.

पहिल्याच वर्षी, भर दुपारी टँकर आला. सगळे घागरी घेऊन पळाले. ज्याचा पुढचा पहारा, तोही.

वीणा गळ्यात असलेले शहादेव नाना उभेच राहिले. खांबाला टेकून, उन्हात... तसेच जिवानिशी गेले.

पुढच्या वर्षी काल्याचं कीर्तन झालं, सप्ताह संपला, वीणा खुंटीला लागला. आम्ही दोघं सोसायटीत बसलो. झळा येतात म्हणून शटर ओढलेलं. गहिनीनाथनं प्रोग्राम बंद केला.

तरी स्पीकरमधून...

टण्... टण्...

"दुसरं काय चालू हाय बे?"

"काका, चालू प्रोग्रामला मशीन नंबर देतं. बंद केला की नंबर मेला." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "आवाजाची ही लाईन ज्या नंबरनं धरलीय, तसला प्रोग्रामच न्हाई."

"मग तू धर की."

"तुमचा टाळ हाय का तो, कुणीबी उचलायला? ज्याची लाईन त्याचीच. त्यानं माझ्या नंबरला दिली, तरच मिळती."

त्यानं स्पीकरची वायर उपटली.

टण्...

मी शटरला हात घातला. हलेना. दोघांनी ओढलं. हलेना. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला, घागरींचा गोंगाट लांब गेला. आमच्या हाका कोण ऐकणार?



मग स्पीकरमधून, अगदी दमलेला...

"आरं... कोण हाय का? पाय लई दुखत्यात."

नानांचा आवाज.

गहिनीनाथ खुर्चीत बसला. प्रोग्राम चालू केला. त्याला मिळालेला नंबर मोठ्यानं वाचला.

"नाना, मी हाय. माज्याकडं द्या."

टण्टण् थांबली. पडद्यावर लाईन त्याच्या नंबरला आली. शटर आता माझ्या एका बोटानं वर गेलं.

"चल, पोरा."

तो उठला नाही. हात छातीशी, वीणा धरल्यासारखे.

"कसं येऊ, काका? पुढचा कोण हाय?"

आजही मी त्या खुर्चीत बसतो, तेव्हाच तो जेवायला उठतो. माझं आता वय झालं.

त्या वाटेनं गेलात, तर माझ्या गहिनीनाथची आठवण ठेवा... घटकाभर बसा त्याच्या जागी.