सगळ्यांचेच ब्लाउज घट्ट झाले तेव्हा

आमच्या इचलकरंजीतल्या बायका एकाएकी जाड का होऊ लागल्या, हे कोडं दसऱ्याच्या आधी सुरू झालं.

आईच्या शिवणाच्या दुकानात पहिल्या आल्या मगदूमकाकू. आईने शिवलेला नवा ब्लाउज पिशवीतून काढत त्या हळूच म्हणाल्या, "जरा उसवून दे गं. मीच सुटलेय." मग बँकेतल्या मॅडम आल्या. त्यांना वाटत होतं, थायरॉइड वाढलंय. मग एक कॉलेजची मुलगी आली आणि वडापाववर सगळा दोष टाकून गेली. रोज हेच. ब्लाउज घट्ट, आणि चूक कुणाची? घालणारीची! शिलाई चुकली असं एकीनेही म्हटलं नाही. हेच शर्टाचं झालं असतं, तर आमच्या मामाने दुकान डोक्यावर घेतलं असतं.

दुकानात माप घ्यायला आणि कापड बेतायला टाकेराव आहेत. टाकेराव म्हणजे आमचा रोबोट. एका हातात टेप, दुसऱ्यात कात्री, तिसऱ्यात खडू, आणि बोलणं एकदम अदबीचं. हुक, काजं आणि शेवटचा हात आईचा.

मला मात्र एका जागी बसवत नव्हतं, कारण रेणूताई.

ताई माझी मोठी बहीण. ती गोळाफेक करते, जिल्ह्यात पहिली आहे. रविवारी कोल्हापूरला राज्याच्या शिबिरासाठी निवड होती. पण मामाच्या लग्नासाठी शिवलेला तिचा ब्लाउजही घट्ट झाला, आणि त्या दिवसापासून तिला भूकच लागेना. डब्यातली भाकरी तशीच परत यायची. गुरुवारी मैदानावर तिने गोळा मानेशी धरला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन मटकन खाली बसली.

घरी आल्यावर म्हणाली, "मी रविवारी जाणार नाही. गोळा फेकून फेकून बैलासारखे खांदे झालेत माझे."

मला इतका राग आला! आणि भीतीही वाटली. ताई कधी मैदान सोडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी दुकानात येरझाऱ्या घालत विचार केला. सगळं गाव एकदम कसं जाड होईल? म्हणजे जी गोष्ट जाड होऊच शकत नाही, तिच्यावर ब्लाउज घालून बघायला हवा. आमच्या काचेमागे एक लाकडी पुतळा उभा असतो, साडी नेसवलेला.

"टाकेराव, ह्या पुतळ्याच्या मापाचा ब्लाउज बेता."

"जशी आज्ञा, मृणालताई."

आईने तो शिवून दिला. मी पुतळ्याला घातला. हुक लागेनात! आता पुतळा काही चकल्या खात नाही.

"टाकेराव, कमरेचं माप टेपवर किती आलं होतं?"

"तीस इंच."

"मग कापलंत किती?"

"अठ्ठावीस."

"का?"

"तीस ही चूक वाटली. टेप कधी सरकते, कधी गिऱ्हाईक हलतं. म्हणून मी प्रत्येक माप सरासरीशी (पुष्कळ मापांची बेरीज करून त्यांच्या संख्येने भागल्यावर येणारा आकडा) ताडून बघतो. माप फार लांब गेलं की जवळ आणतो."

"आणि ही सरासरी तुम्हाला कुणी दिली?"

टाकेरावांनी खडूचा हात समोर केला. समोरच्या भिंतीवर आमचा टीव्हीसारखा मोठा पडदा. सणासाठी नवे गळे, नव्या बाह्या शिकाव्यात म्हणून आईने महिन्याभरापूर्वी त्यांना पडद्यावरच्या जाहिराती बघायला सांगितलं होतं. दुकानात दिवसभरात फार तर दहा बायका येतात. पडद्यावर हजारो येतात, सगळ्या एकाच साच्यातल्या.

"पण जाहिरातीत कंबरा घासूनपुसून बारीक केलेल्या असतात," मी ओरडले. "आणि कित्येकजणी तर खऱ्या बायकाच नसतात, संगणकाने काढलेली चित्रं असतात!"

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," टाकेराव म्हणाले.

मी धावत जाऊन ताईला ओढत आणलं आणि सगळं सांगितलं. तिने खांदे उडवले. "यंत्र चुकलं असेल. पण आरसा चुकतो का? मला दिसतंय की मी कशी आहे ते."

टाकेरावांनी मला तीन पातेली मांडायला सांगितली. एकात गरम पाणी, एकात बर्फाचं, मधल्यात नळाचं. ताईने एक हात गरम पाण्यात धरला, दुसरा बर्फाच्या. थोड्या वेळाने दोन्ही हात मधल्या पातेल्यात.

"कसं आहे पाणी?"

"अगं बाई! हा हात म्हणतोय गार आहे, हा म्हणतोय गरम आहे."

"पाणी एकच आहे," टाकेराव म्हणाले. "हात आधी कशात होते, त्यावरून ते सांगतात. डोळ्यांचंही तसंच. याला अनुकूलन म्हणतात (एकच गोष्ट सतत समोर असली की मेंदू तिलाच नेहमीची धरतो). दिवसभर बारीक चित्रं बघून आरशासमोर गेलं, की नेहमीचं शरीरही जाड भासतं."

"मी मुद्दाम बघत नाही. फोनच दाखवतो."

"ज्या चित्रावर तुम्ही थबकता, तसलंच पुढचं येतं. तुम्ही थबकावं, बेचैन व्हावं आणि काहीतरी विकत घ्यावं, यासाठीच ते असतं."

ताई हात पुसत राहिली. मग चिडून म्हणाली, "तुमचं बटण दाबलं की तुम्ही विसरणार. माझं बटण कुठाय?"

"माहीत नाही. मला आता खऱ्या माणसांची मापं बघावी लागतील. बहुधा तुम्हालाही."

इतका वेळ आईचं मशीन चालू होतं. ते थांबलं.

"माझाही घट्टच झालाय," आई म्हणाली. "म्हणून रात्रीचं जेवण सोडलंय मी. तुम्हाला सांगते, दुकानातच खाल्लं म्हणून."

"किती वर्षं शिवतेय मी! गिऱ्हाइकाचं असतं तर आधी टेप घेतली असती. स्वतःच्या वेळी टेप सुचलीच नाही बघ. मलाच दोष दिला."

"आई! वेडी आहेस का तू?" ताई कळवळून म्हणाली. "तुला काय झालंय? किती छान दिसतेस तू!"

"आणि तू गं?"

आईने उठून पडदा बंद केला आणि टाकेरावांना महिन्याभराचं शिकलेलं पुसायला लावलं. मग म्हणाली, "घ्या माप. पहिली रेणू."

ताई पोट आत घेऊन ताठ उभी राहिली.

"श्वास सोडा," टाकेराव म्हणाले.

तिने सोडला. आकडा ऐकून तिच्या कपाळावर आठी पडली. "मला नाही आवडला हा."

"आवडायला कशाला पाहिजे? तो कापडासाठी आहे," आई म्हणाली. "चला जेवायला."

तिघी एकत्र बसलो. ताई मध्येच थांबायची, ताटाकडे संशयाने बघायची, आणि पुन्हा घास घ्यायची. आई बघत नसल्याचं सोंग करत होती. ताईने दुसऱ्या भाकरीचा तुकडा मोडला आणि मान वर न करता विचारलं,

"रविवारी कोल्हापूरची पहिली बस कितीला आहे गं?"