सोडून द्यायला सांगितलेली भिंत

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल तिकीट काढून प्लास्टिकचे सांगाडे बघायला जावं.

१९८८ सालचा मे महिना. मालगुंडच्या अलीकडचं एक जांभ्याचं घर. आणि वेळ भर दुपारची.

माझा चुलतभाऊ हरिश्चंद्र मुंबईत ड्राफ्ट्समन. टेपने मोजता येत नाही ते या जगात नाहीच, असं चारचौघांत ऐकवायचा. दर दिवाळीच्या पाडव्याला मुलीची, सुनंदाची, उंची मोजून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारायचा. एवढी एकच माया त्याला जमायची.

मुंबईजवळ एक मनोरंजन पार्क उभं राहत होतं. तिथल्या शेठला भुताचा बंगला बांधायचा होता. पैसे देऊन घाबरायला येणाऱ्या रिकामटेकड्यांना काहीतरी अस्सल दाखवायचं, ही त्याची हौस. गणपतीपुळ्याला जाताना हे घर त्याच्या नजरेत भरलं. पडवीतून ओटी, ओटीतून माजघर, माजघरातून भाताची कोठी... प्रत्येक दार आधीच्यापेक्षा ठेंगणं. प्रत्येक खोली आधीच्यापेक्षा काळोखी.

हुबेहूब असंच बांधायचं, शेठ म्हणाला. आणि हरिश्चंद्रला मापं घ्यायला धाडलं.

घर राखणारी सोनूबाई कोठीच्या दाराशीच थांबली.

"साहेब, मापं घ्या. पन हितली मागची भिंत तेवढी सोडा."

"का?"

"आमी भात मोजताना पायली पुरी रिती करत नाय. मूठभर आत ठेवतो. सगळं नेलं की..."

"बाई, तुमच्यासारख्यांमुळेच भुतांचा धंदा चालतो," हरिश्चंद्र हसून म्हणाला.

"मग तुमची मर्जी."

ती अंगणात निघून गेली. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी उरलं नाही. त्याने दर कोपऱ्यात खिळा ठोकून ते अडकवलं आणि एकेक करून तीन भिंती मोजल्या.

मग मागची.

टेप मधे झोळ खात होती.

आणि एकदम... ताणली गेली.

सरळ. मापाला हवी तशी.

सोनूबाईला उपरती झाली, असं त्याला वाटलं. "अशीच धरा," तो वळूनही न बघता म्हणाला. चौदा फूट तीन इंच. वहीत लिहिलं. "सोडा आता."

टेप सुटली.

त्याने मागे पाहिलं... कोपऱ्यात कोणीच नव्हतं. खिळा जमिनीवर पडला होता.

दारांच्या रांगेतून थेट अंगण दिसत होतं. सोनूबाई त्याच्याकडे पाठ करून कोकमं वाळत घालत होती.

तेवढा एक आकडा त्याने खोडायला हवा होता. पण नकाशा अपुरा राहिला असता, आणि आमच्या ड्राफ्ट्समनसाहेबांची मान खाली गेली असती. आकडा वहीत राहिला.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बंगला सुरू झाला. पाडव्याची रेघ मारून चारच दिवस झाले होते. हरिश्चंद्रने मोठ्या ऐटीत सात वर्षांच्या सुनंदाला पहिल्या तुकडीत आत पाठवलं. मंडळी खिदळत बाहेर आली.

सुनंदा सगळ्यात शेवटी आली.

"पप्पा, शेवटच्या खोलीतल्या बाई कोण?"

शेवटच्या खोलीत बाई नव्हती. बटणावर हलणारा एक सांगाडा होता, बस्स.

"त्यांनी मला मागच्या भिंतीला उभं केलं. म्हणाल्या, तुझ्या पप्पांनी आमचं सगळं माप नेलं. मग माझी उंची मोजली."

"किती भरली?"

"ते नाही सांगितलं. नुसतं म्हणाल्या... पुरे."

पुढच्या पाडव्याची रेघ जुन्या रेघेवरच पडली. त्याच्या पुढच्याही वर्षी. आज चौकटीवर एकाच जागी चार रेघा आहेत. डॉक्टर म्हणतात, मुलीत काही दोष नाही.

हरिश्चंद्र मालगुंडला जाऊन सोनूबाईच्या पाया पडला. "घेतलेलं माप परत कुठं ठेवाल, साहेब?" एवढंच ती म्हणाली. तरी दर मे महिन्यात तो जातो आणि त्या भिंतीपाशी मूठभर भात ठेवून येतो. पहिल्यांदा मी त्याची यथेच्छ टिंगल केली होती.

परवा माझ्या मुलाने उंची मोजायचा हट्ट धरला. मी टेप हातात घेतली...

आणि तशीच गुंडाळून ठेवली.