चातुर्मासातलं वांगं

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाचे बुवा अजून हातपाय धुताहेत, पेटीवाल्याचा सूर लागायचा आहे. तेवढ्यात हिंदी मुलखातल्या आपल्या बालाघाटची एक गोष्ट सांगतो. गोष्ट साठीच्या दशकातली. मी काही लपवून ठेवणार नाही, सगळं तुमच्यासमोर मांडीन. लबाडी कोणाची, ते तुम्हीच ओळखा.

ऑक्टोबरची बावीस तारीख. सकाळची गोंदियाची गाडी आली आणि तिच्यातून सत्तावीस यात्रेकरू उतरले. ही माणसं त्या वेळी समुद्रावर असायला हवी होती. मुंबईहून द्वारकेला जहाजानं, दहा दिवसांची यात्रा, जेवणखाणासह. पण चेहरे उतरलेले, वळकट्या मळलेल्या.

बंदरावर जहाजच नव्हतं.

"दोन दिवस गोदीच्या भिंतीले टेकून बसलो," त्यांतल्या शेवंताबाई स्टेशनवरच सांगत सुटल्या. "तिथला बाबू म्हणे, तुमचं जहाज सोळा नोव्हेंबरले आहे, आज काहून आले? त्यानं एकोणीस तारखेलेच इथल्या एजंटाले तार केली म्हणे."

मंडळी घरी गेलीच नाहीत. तडक दादाजींच्या छापखान्यावर धडकली. यात्रेचं पत्रक तिथं छापलं होतं, आणि पत्रकावर स्वच्छ लिहिलं होतं: जहाज सुटणार, १८ ऑक्टोबर.

यात्रा कंपनीचा एजंट प्रेमलाल तिथं दारासमोर रस्त्यावर आधीच उभा होता. हातात पत्रक, आवाज चढलेला.

"देखो, कंपनीचा कागद मी जसाच्या तसा दिला. एक अक्षर बदललं नाही. त्यात सोळा नोव्हेंबर लिहिलं होतं. प्रूफ पाहिलं, तेही बरोबर, म्हणून छापलेलं पुन्हा वाचलं नाही. नंतर कोणी बदललं? खिळे कोण जुळवते?"

खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचा वसंता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. वसंताच्या घरानं नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती, हे गावाला ठाऊक होतं.

"तरीच," गर्दीतून कोणी म्हणालं. "हे पाहा ना, जेवणात काय लिहिलं. चातुर्मासात वांग्याचं भरीत. कांद्याची भजी. जाणूनबुजून केलं यानं. आमचं व्रत मोडाले."

"पोलिसात द्या याले."

दादाजी घाबरट माणूस. म्हणाले, "वसंता, संध्याकाळपर्यंत हिशोब करून घे. उद्यापासून येऊ नको."

गावात दुसरा छापखाना नव्हता. आणि असला डाग लागलेल्या माणसाला गोंदियालाही कोणी खिळ्यांना हात लावू दिला नसता. वसंता शाईचे हात फडक्याला पुसत राहिला.

त्या सत्तावीस जणांत अनुसयाबाई होत्या. मुलींच्या शाळेत शिकवायच्या, आणि कीर्तनात तेव्हाच्या बुवांच्या मागं उभ्या राहून धृपद धरायच्या. त्यांनी पत्रक मागून घेतलं. वळकटीवर बसून वरपासून खालपर्यंत वाचलं.

"दादाजी," त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत म्हणाले ना? मंग संध्याकाळपर्यंत मले द्या."

"बाई, तुम्हीच तर फसल्या."

"म्हणूनच विचारून राह्यली."

पत्रकात चुका भरपूर होत्या. 'मुंबईहून द्वारका, वाटेत रामेश्वराचे दर्शन' असं ठोकून दिलं होतं. रामेश्वर कुठं, द्वारका कुठं. वांगं होतं, कांदा होता. शेवटच्या दिवशी जेवण होतं, पिठलं-भाकरी.

"अठरा ऑक्टोबरपासून दहा दिवस," बाई बोटं मोजत पुटपुटल्या. "शेवटच्या दिवशी दिवाळी येते. दिवाळीले पिठलं?"

आधी त्यांनी पोस्टात जाऊन मुंबईच्या कंपनीला जवाबी तार ठोकली. मग एकेकाला गाठलं.

पहिले दादाजी.

"छापलेल्या कामाचे कागद कुठं ठेवता?"

"या लोखंडी तारेले टोचून. गिऱ्हाइकाचा कागद, त्याच्यावर त्याच्या सहीचं प्रूफ. हे पाहा, लग्नपत्रिका, हे नगरपालिकेचं."

"यात्रेचं?"

दादाजींनी तारेवरचे कागद दोनदा चाळले. "नाही दिसत."

"कोण आलतं इथं?"

"कोणी नाही. परवा प्रेमलाल आलते. पावतीबुक छापायचं म्हणून जुने नमुने पाहत बसले. वसंता जेवाले गेलता."

"बरं. आज तिथी कोणती हो?"

"आश्विन वद्य नवमी. काहून?"

"असंच."

मग वसंता. तो मागच्या अंगणात रिकाम्या खोक्यावर बसला होता.

"तारीख तू बदलली?"

"नाही, बाई."

"वांगं तू टाकलं?"

"समोर कागद होता तसं लावलं. आमच्या घरी वांगं बारा महिने शिजते. तुमचं केव्हा बंद, केव्हा सुरू, मले कसं कळणार?"

"खरं आहे. तिथी कोणती आज?"

"तिथी नाही माहीत. तारीख बावीस."

"कागद कोणाच्या हातचा होता?"

"प्रेमलालजींच्या. त्यांचं अक्षर मी ओळखतो, कानामात्रेची मारामारी असते. पण कागदच नाही आता. माझं कोण मानते?"

शेवटी प्रेमलाल. बसस्टँडजवळच्या त्याच्या दुकानात भिंतीवर जबलपूरचं हिंदी पंचांग लटकत होतं.

"प्रेमलालजी, कंपनीचं मूळ पत्र कुठं आहे?"

"तेच तर प्रेसला दिलं. माझ्याजवळ काय राहिलं?"

"आणि त्यात सोळा नोव्हेंबर होतं? नक्की?"

"अपनी आँखों से वाचलं, बाई. शपथ घेऊ?"

"शपथ राहू द्या. आज तिथी कोणती?"

प्रेमलालनं मान वळवून पंचांग पाहिलं. "कातिक बदी नवमी."

"हौ," बाई म्हणाल्या. "पाच वाजता प्रेसवर या."

पाचला सगळे जमले. तारेचं उत्तर आलं होतं. बाईंनी ते दादाजींच्या हाती दिलं नाही, स्वतःच वाचलं.

"तारीख कळवली नव्हती. पत्रात फक्त कार्तिक वद्य पंचमी. जागा राखून आहेत."

गर्दी चुळबुळली. प्रेमलाल दाराकडं सरकला, पण दारात शेवंताबाई आणि त्यांची वळकटी होती.

"आपण सकाळपासून वांग्यावर चिडून बसलो," बाई सांगू लागल्या. "मी पण चिडली. मंग विचार केला, जेवणाचा तक्ता चुकलाच नसन तर? वांगं, कांदा आपण केव्हा खातो? कार्तिकी एकादशी झाली की. दिवाळीचं गोडधोड तक्त्यात काहून नाही? कारण तोवर दिवाळी होऊन गेली राहते. तक्ता करणारा मुंबईचा मराठी माणूस, त्यानं नोव्हेंबरचाच तक्ता केला. तक्ता बरोबर, तारीख चूक."

"ती वसंतानं..." कोणी म्हणालं.

"ऐका तर. पत्रात तारीखच नव्हती, तिथी होती. तारीख इथं कोणीतरी काढली. आपला महिना अमावास्येले संपतो. हिंदीवाल्याईचा पुनवेले. म्हणून वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापुढं एक घर चालते. आज दादाजींचा आश्विन आहे, आणि प्रेमलालजींचा कातिक, म्हणजे कार्तिक. वसंताले तर तिथीच माहीत नाही. कार्तिक वद्य पंचमी हिंदी पंचांगात पाहिली तर कोणती तारीख निघते?"

दादाजींनी बोटं मोजली. "अठरा ऑक्टोबर."

"चूक झाली, माणसाच्या हातून होते. रामेश्वरही यानंच घातला असन, गिऱ्हाईक यावं म्हणून. मुंबईचा जहाजवाला द्वारकेच्या वाटेवर रामेश्वर लिहीन काय? पण तिथवर मी रागावली नसती. एकोणीस तारखेले बाबूची तार आली, तेव्हा याले चूक कळली. वीस तारखेले हा इथं आला, वसंता जेवाले गेला तेव्हा, आणि आपल्या हातचा कागद दादाजींच्या त्या लोखंडी तारेवरून काढून नेला. प्रूफासकट. आणि आज म्हणते, पत्रात सोळा नोव्हेंबर आपल्या डोळ्यानं वाचलं. जे पत्रात लिहिलंच नव्हतं, ते यानं वाचलं कसं? सोळा तारीख याले बाबूच्या तारेनंच सांगितली."

सगळ्यांच्या नजरा आता प्रेमलालकडं वळल्या. आत यंत्राजवळ शाईचा वास दाटला होता.

"एजंटी गेली असती, बाई," प्रेमलाल खाली पाहत म्हणाला. "बिरादरीत तोंड कसं दाखवलं असतं. वाटलं, याच्यावर गेलं तर कोणी जास्ती विचारणार नाही."

"हौ. कोणी विचारलंही नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी प्रेमलालकडं पाहिलं नाही, आपल्याच सव्वीस सोबत्यांकडं पाहिलं.

शेवंताबाई पुढं आल्या. "वसंता, बापू, चुकलंच आमचं. आता मंदिरात बुवांच्या कीर्तनात सगळ्यांसमोर सांगतो आम्ही. तू ये."

"मी मंदिरात येत नाही, काकू."

"मंग?"

वसंतानं थोडा विचार केला. "गाऱ्हाणं रस्त्यावर झालं. रस्त्यावरच सांगा."

आणि तसंच झालं. त्या गुरुवारी बुवांनी कीर्तन मंदिरात केलंच नाही. छापखान्यासमोर रस्त्यावर सतरंज्या अंथरल्या, जाणारे-येणारे थांबले. उत्तररंगाआधी बुवांनी टाळ खाली ठेवले आणि प्रेमलालला उभं केलं. त्यानं सगळं सांगितलं, अडखळत, अर्धं हिंदीत. वसंता छापखान्याच्या फळीवर बसून ऐकत होता. प्रेमलालचं बोलणं संपल्यावर तो उठून आत गेला आणि कामाला लागला. कीर्तन चालू असताना मधूनमधून आतून यंत्राचा ठोका येत होता, आणि बुवांनी त्याला थांबा म्हटलं नाही.

सोळा नोव्हेंबरला सत्तावीस जण द्वारकेला गेले. जहाजावर भरीत फार चांगलं होतं म्हणतात.

बुवा आले, पाहा. आता मी गप्प बसतो. पण शेवटी हात जोडाल ना, तेव्हा देवासोबत त्या वसंताचीही आठवण करा. देवळात तो यायचा नाही, म्हणून आपणच त्याचं नाव घ्यायचं.