खंडेनवमीची हिरवी पेटी

सटव्याच्या तळहाताला टेकताच पट्टीची हिरवी चमक विझली. अमरनाथ खुशीत म्हणाला, "सापडला चोर."

"दम धर जरा," शिवकांता म्हणाली. बीडच्या या खासगी गुप्तहेर बाईला आपल्या सहायकाला हे रोजच सांगावं लागे.

चौसाळ्याच्या सुंदररावांच्या नव्या विहिरीला कातळ लागला होता. सुरुंगवाला सटवा परवा आपली जिलेटिनच्या कांड्यांची हिरवी पेटी त्यांच्या कुलूपबंद खोलीत ठेवून गेला. आज खंडेनवमी. सुंदररावांनी आणि मजुरांनी पेटीची पूजा केली, हात लावून कपाळाला टेकवले. मग उघडली, तर आत विटा! पोलिसांत जाण्याआधी सुंदररावांनी शिवकांताला बोलावलं.

तिच्या पट्टीवर पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनांच्या बारीक तुकड्यांचा थर होता. छोट्या दिव्याखाली तो चमके आणि स्फोटकाचा कण चिकटला की विझे. मजुरांच्या आणि सुंदररावांच्या हातांवर तो छान चमकत राहिला.

सटवा रडकुंडीला आला. "बाई, काल कडा गावात दुसऱ्याच्या कांड्यांनी सुरुंग उडवलेत, हाताला दारू असणारच. इथं तर पूजा झाल्यावर आलो. लायसन गेलं तर लेकरांना खाऊ काय घालू?"

सुंदररावांच्या आई वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. "घ्या बाई. मी गोठ्यात जाऊन येते, म्हैस आज-उद्या विणार हाय." कमरेच्या किल्ल्या वाजवत त्या गेल्या.

शिवकांतानं नवी पट्टी पेटीला आतबाहेर टेकवली. चमक तशीच. वच्छलाबाई परतल्यावर तिनं सगळ्यांना बसवलं.

"सटव्याच्या रोजच्या पेटीनं पट्टी विझली असती. तिला शिवलेल्या हातांनीही. म्हणजे तुम्ही पुजली ती दुसरीच पेटी. अदलाबदल पूजेआधी झाली, सटवा कड्याला होता तेव्हा. कुलूप शाबूत, म्हणजे किल्लीनं उघडलं. आणि मालकाच्या आईला हात दाखवा म्हणायची हिंमत इथं कुणाची झाली नाही."

वच्छलाबाईंनी हात पुढं केला. पट्टी विझली.

"माय, कावून?" सुंदरराव थक्क झाले.

"कावून म्हंजे? विहीर गोठ्याला लागून. धडाम झालं अन् म्हैस गाभडली तर? लई येळा म्हणलं, तिला विऊ दे. तू ऐकलास? आधी विटांची जुनी हिरवी पेटी ठिवली, मग खरी शेतातल्या आखाड्यावर नेली, कुलपात हाय." मग त्या सटव्याकडं वळल्या. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. "तुझ्यावर येईल असं ध्यानातच आलं न्हाई रे बाबा."

"मला सांगायचं ना आज्जी, मीच थांबलो असतो."

संध्याकाळी म्हैस व्याली. वच्छलाबाईंनी हात घासूनपुसून धुतले आणि पहिला खरवस सटव्याला वाढला. अमरनाथनं मात्र आपल्या वाटीला हळूच नवी पट्टी टेकवली.

"चमकती," तो समाधानानं म्हणाला.

तोवर सटव्याची वाटी रिकामी झाली होती.