मांडवाच्या कापडाची धावपट्टी

१९५८ साली माझ्या थोरल्या बहिणीचं, हिल्केताईचं लग्न झालं. मांडवाचं कापड अजून कोठारात वाळत होतं, तेव्हा गोसे मला पहिल्यांदा भेटला. आमच्या कुरणात तो चक्क रांगत होता.

“हलू नका!” मी ओरडले. “गुडघा टेकलात तर चार अंडी फुटतील!”

तो एक गुडघा हवेत धरून थिजला. टिटवीचं घरटं त्याच्यापासून वीतभरावर होतं.

“असा किती वेळ राहू?”

“माझं बघून होईपर्यंत.”

गोसे गावात सायकली दुरुस्त करायचा. त्याच्या हातात नुकतंच गवतातून शोधून काढलेलं, कागदाचं आणि हलक्या लाकडाचं छोटं विमान होतं, रबराच्या पिळावर उडणारं. हातानं सोडलं तर उडायचं. पण त्याला ते स्वतःच्या चाकांवर धावून उडायला हवं होतं. गवतात चाकं अडकायची. आणि टिटव्यांची पिल्लं बाहेर पडेपर्यंत नेदरलँड्सच्या उत्तरेला, आमच्या फ्रिसलँडात, आम्ही गवत कापत नाही.

बाबा म्हणाले, “शनिवारी, दूध काढायच्या आधी. एकदाच उडव. टिटवी अंड्यांवरून उठली, तर पुन्हा माझ्या फाटकात दिसायचं नाही.”

म्हणजे... तो पुन्हा दिसायचा नाही?

धावपट्टी म्हणून मांडवाचं नुसतं कापड गवतावर अंथरलं तर झोळ पडायचा. मग मी कापडाला आडवे खिसे शिवले, त्यानं त्यांत छपराच्या पातळ लाकडी पट्ट्या सरकवल्या. गुंडाळी उलगडली की गवतच तिला तोलून धरायचं.

“टाका वाकडा गेला,” तो वाकून म्हणाला.

“मानेवर श्वास सोडू नका, म्हणजे सरळ जाईल.”

शनिवारी धावपट्टी अंथरली आणि वारा फिरला. विमान वाऱ्याच्या तोंडावरच सोडावं लागतं, आणि आता समोर नेमकं घरटं होतं. टिटवी बसलेली. बाबा चराच्या काठावर बादली पालथी घालून बसलेले.

“नाही उडवत,” गोसे हळूच म्हणाला. “ती उठली, तर मला पुन्हा इथं येता येणार नाही.”

“आणि न उडवता कोणत्या निमित्तानं याल?”

तिकडे गाई हंबरू लागल्या.

“इम्के, आटपा,” बाबा म्हणाले.

“धरा ते टोक!” मी अंथरलेली पट्टी एका बाजूनं उचलली. “खिळे ठोकलेत का हिला? घरट्याच्या पलीकडे नेऊ.”

तो उलटा चालू लागला.

“मागे बघू नका, चर आहे. माझ्याकडे बघा.”

“मग... मी पडणारच.”

“पडलात तर हसेन.”

“हसलात तर नक्की पडेन.”

पट्टीचं टोक बाबांच्या लाकडी बुटांपाशी आलं. “बाबा, पाय घ्या,” मी म्हटलं. त्यांनी घेतले.

गोसेनं विमान सोडलं. पट्ट्यांवरून टकटक करत ते धावलं, बाबांच्या टोपीच्या वरून उडालं... आणि वळलं! थेट घरट्याकडे! सावली टिटवीवरून सरकली. तिच्या डोक्यावरचा तुरा ताठ झाला.

ती बसून राहिली.

बाबांनी बादली उचलली. “पुढच्या शनिवारी ये. ते कापडाचं ओझं राहू दे इथंच.”

ते गेल्यावर गोसे म्हणाला, “आधीच सांगतो... मी विमानासाठी येणार नाही.”

“मग कशासाठी?”

“तुझ्यासाठी.”

मी पट्टीचं एक टोक उचललं. त्यानं, न सांगता, दुसरं.

ती पट्टी आम्ही अनेक वर्षं दोघांनी मिळून वाहिली. बाबा १९७४ च्या हिवाळ्यात गेले. गोसे गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस गेला, हिवाळ्यानंतर टिटव्या कुरणात परतल्या त्या आठवड्यात.