लागलं?

आधीच सांगते, विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर हसा. मीही आधी हसले होते. पण हे माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलंय आणि त्यातलं निम्मं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आणि रात्रीची वगैरे अजिबात नाही. भर दुपारची. स्वच्छ ऊन पडलेलं, खाली गाड्यांचे हॉर्न वाजताहेत, अशा वेळची.

आमच्या घरात एक विचित्र सवय आहे. ती समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

माझे आजोबा पक्के विसरभोळे होते. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि पुन्हा परत. "लावलं की नाही लावलं?" सगळं घर रस्त्यात ताटकळत उभं. शेवटी आई आणि मावशीने लहानपणीच एक नियम काढला. जो पुढे निघालाय, त्याने जिन्यातून ओरडून विचारायचं, "लागलं?"

जो दाराशी आहे, त्याने हँडल ओढून बघायचं आणि उत्तर द्यायचं, "लागलं!"

आणि उत्तर आलं नाही, तर विचारणाऱ्याने परत दारापर्यंत येऊन स्वतः बघायचं.

बस, एवढंच. पण आजोबा गेले तरी नियम राहिला.

मावशी एकटी राहते. म्हणजे राहायची. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं छोटंसं घर. चष्म्याच्या दुकानात काम करते. फ्रेमची दांडी केसभर वाकडी असली तरी तिला लांबून दिसते.

तिला उत्तर द्यायला घरात कोणीच नव्हतं. तरी रोज कुलूप लावायची, चावी पर्समध्ये टाकायची, दोन पायऱ्या उतरायची आणि वर बघून विचारायची, "लागलं?"

आणि मग स्वतःच म्हणायची, "लागलं!"

"वेडी झालीस गं तू," आई म्हणायची.

"अगं, विचारल्याशिवाय पाय पुढे पडत नाही," मावशी म्हणायची.

रोज. रिकाम्या घराला. कितीतरी महिने.

मग एकदा संध्याकाळी ती कामावरून घरी आली आणि दार उघडताना ते कशाला तरी अडलं…

खुर्ची.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची, दाराच्या अगदी जवळ, दाराकडे तोंड करून ठेवलेली. जणू कोणीतरी तिथे बसून वाट बघत होतं.

मावशीला वाटलं, सकाळच्या घाईत आपणच ठेवली असेल. उचलून टेबलापाशी नेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा…

खुर्ची दाराशी.

आता तिच्या घराची दुसरी चावी एकाच माणसाकडे होती. माझ्या आईकडे. आई सगळ्या चाव्यांना नेलपॉलिशचा ठिपका लावते, म्हणजे कुठली कुणाची ते कळतं. मावशीच्या चावीला गुलाबी.

आणि आईचा इतिहासही काही बरा नाही. एकदा मावशी गावाला गेली असताना आईने तिच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे स्वतःच्या मनासारखे लावून ठेवले होते. मावशीला आठवडाभर मीठ सापडलं नव्हतं.

म्हणून मावशी आली आमच्याकडे. बसली. चहा घेतला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "ताई, तू दुपारी येऊन जातेस का गं माझ्याकडे?"

"मी? कशाला?"

"नाही, सहज. खुर्ची हलवलेली असते."

"मला काय कामधंदे नाहीत? तुझ्या खुर्च्या हलवायला दोन गल्ल्या तुडवत येऊ?"

"डबे हलवायला आली होतीस की!"

झालं! जे भांडण पेटलं, काय सांगू. शाळेतली पट्टी कोणी मोडली इथपासून सगळं बाहेर निघालं. मी मध्ये बसून बिस्किट खात होते, तर दोघी एकदम माझ्यावर, "तू आत जा!"

शेवटी आईने खिळ्यावरची चावी काढली आणि टेबलावर आपटली.

"घे. आता बस एकटीच खुर्च्यांवर पहारा देत."

मावशी चावी घेऊन गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद.

तुम्हाला कळणार नाही हे किती वाईट होतं. या दोघींना दिवसातून चार फोन केल्याशिवाय जेवण जात नाही. आजी-आजोबा नाहीत, भाऊ नाही. एकमेकींना एकमेकीच. आणि आता मी मधली टपालवाली. "सांग तुझ्या मावशीला, तिचा स्वेटर घेऊन जा म्हणावं." "सांग तुझ्या आईला, गारठेन पण स्वेटर नको."

इकडे दोन्ही चाव्या मावशीच्या पर्समध्ये.

आणि खुर्ची…

पुन्हा दाराशी.

आता तुमच्या मनात जे आलं, तेच तिच्याही मनात आलं. ताईने चावी परत देण्याआधी दुसरी करून घेतली असणार. सख्ख्या बहिणीबद्दल असा विचार! पण एकदा संशयाचा किडा डोक्यात शिरला की बाहेर येत नाही.

तिने कुलूपच बदललं. दारात बसवलेलं नवंकोरं कुलूप, बाहेरून चावी आणि आतून फिरवायचा खटका. चावी इतकी नवी की कडा बोटाला टोचायच्या. दुसरी चावी बँकेत ठेवली. खुर्ची आतल्या खोलीत नेऊन आडवी पाडली. वर ब्लँकेटं रचली.

संध्याकाळी दार उघडलं.

ब्लँकेटं नीट घडी करून पलंगावर.

आणि खुर्ची दाराशी…

त्या रात्री ती झोपली नाही. तरी आमच्याकडे आली नाही. कशी येणार? कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घरीच विसरली म्हणून घ्यायला आली. खुर्चीकडे न बघता डबा उचलला. बाहेर आली. चावी फिरवली. हँडल ओढलं. दोन पायऱ्या उतरली आणि नेहमीसारखं बोलून गेली, "लागलं?"

"लागलं."

ती निघाली. एक मजला उतरली. डब्यात भाजी सांडलीय का, ते चाचपत होती.

आणि मग तिचा पाय हवेतच थांबला.

आज तिने उत्तर दिलंच नव्हतं…

ती थेट आमच्याकडे आली. मीच दार उघडलं. चेहरा कागदासारखा. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. इतक्या दिवसांचा अबोला, पण मावशीला बघून तिने रागाचा र सुद्धा काढला नाही.

"काय झालं गं?"

"ताई… तू नव्हतीस," मावशी म्हणाली आणि रडायलाच लागली. "मी उगाच तुझ्यावर… तू नव्हतीस गं."

आईने तिला जवळ घेतलं. सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मला बघायचंय."

माझी आई अशीच आहे. झुरळाला घाबरते, पण अशा गोष्टींना नाही.

आम्ही तिघी गेलो. हो, मीपण. हट्टच धरला.

घरात सगळं शांत. आईने खुर्ची स्वतः टेबलाखाली सारली. पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात पाहिलं. कोणीच नाही. बाहेर आलो. आईने कुलूप लावलं, चावी तशीच दारात ठेवली. मावशीने तोंडावर हात घट्ट दाबून धरला. मी ओठ चावले.

आईने विचारलं, "लागलं?"

काहीच नाही.

शेजारच्या घरात मिक्सर सुरू होता. तो बंद झाला…

"लागलं…"

दाराच्या आतून. अगदी जवळून. लाकडाला गाल टेकवून बोलावं तसं.

पण तो आवाज नियमातल्या उत्तरासारखा नव्हता. कुलूप लागलं की आपण कसं ठणकावून म्हणतो, "लागलं!" तसा नव्हता. हा आवाज पडलेल्या माणसाचा होता. गुडघा फुटल्यावर लहान मूल आईला सांगतं ना, तसा.

आणि माझी आई… आईच ती. तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "कुठे लागलं गं?"

मावशीने तिचा हात गच्च धरला.

आत खुर्ची सरकली.

सावकाश. फरशीवरून घासत. दारापर्यंत येऊन थांबली.

मग आतला खटका फिरला… टक्.

जिने कसे उतरलो, मला आठवत नाही. माझी एक चप्पल तिथेच राहिली.

संध्याकाळी पप्पा घरमालकाला घेऊन गेले. आल्यावर म्हणाले, "काही नाही तिथे. उंदीर असेल."

"उंदीर खुर्ची ओढतो?" मी विचारलं.

"मोठा असेल." पण ते हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "दार मात्र सताड उघडं होतं. चावी लटकत होती, ती काढून आणली."

आणि त्यांनी ती चावी आमच्या खिळ्याला टांगली. उद्या घरमालकाला देतो म्हणाले. तो उद्या अजून उजाडला नाही.

मावशी आता आमच्याकडेच राहते. दोघींचं रोजचं भांडण आणि रोजचं हसणं पुन्हा सुरू झालंय. फक्त घरातला नियम बदललाय. आता कोणी विचारायचं नाही. कुलूप लावायचं, हँडल ओढायचं, तोंड मिटून निघायचं.

सगळं छान चाललं होतं.

पप्पा आठवडाभर कामासाठी बाहेरगावी गेलेत. परवा संध्याकाळी आम्ही तिघी खालीच भेटलो, एकत्र वर आलो. आईने दार उघडलं आणि ते कशाला तरी अडलं…

मावशीने आईकडे पाहिलं. आईने मावशीकडे. मग दोघींनी माझ्याकडे.

"कुणी विचारलं?" आई म्हणाली.

"मी नाही."

"मी पण नाही."

"शप्पथ, मी नाही!"

तेव्हापासून आम्ही तिघी एकमेकींकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतोय. कोणीतरी खोटं बोलतंय, असं प्रत्येकीला वाटतंय. मलाही. काल तर दोघी पुन्हा एकमेकींशी तुटक बोलायला लागल्यात.

पण त्या दोघी खरं बोलताहेत. मला आज कळलं. आत्ताच.

क्लासला जायला मी सगळ्यांत शेवटी निघाले. कुलूप लावलं. हँडल ओढलं. एक शब्द बोलले नाही, देवाशप्पथ. चावी दप्तरात टाकत होते…

आणि आतून कोणीतरी विचारलं, "लागलं?"

मी उत्तर दिलं नाही. धावत खाली आले आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून हे लिहितेय. मावशीचा फोन लागत नाहीये. आई यायला अजून वेळ आहे.

आमच्याकडे उत्तर आलं नाही, तर विचारणारा काय करतो, ते तुम्हाला सांगितलंच आहे.

वर आत्ता एक दार उघडलं.

कुठल्या मजल्यावरचं, ते मी वळून बघितलेलं नाही…